सत्कार कोणाच्या सोयीने?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत कोजागरीला गच्चीवर मसाला दूध असते. यंदा त्याच वेळी रोज कचरा नेणाऱ्या दोघी ताई, जिना झाडणाऱ्या मावशी आणि रात्रपाळीचे रखवालदार यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, असे काही सभासदांना वाटते. काहींच्या मते दिवाळीची पोस्त दिली की पुरे. सचिव म्हणून मी काय ठरवावे?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आभार मानावेत असे आपल्या सभासदांना मनापासून वाटले, याचा मला आनंद आहे. मात्र कोजागरीची वेळ कृपया बदलावी. भल्या सकाळी कामाला लागणाऱ्या बाईला रात्री दहाला पुन्हा आपल्या गच्चीवर यावे लागले, तर तो सन्मान तिच्या झोपेतून वसूल होतो, आणि रखवालदार तर त्या वेळी फाटकावरच असतात. त्यापेक्षा एखाद्या रविवारी, त्यांचे काम आटोपल्यावर, सर्वांनी एका पंगतीत बसून नाश्ता करावा आणि कोणत्या दिवशी जमेल हे आधी त्यांनाच विचारावे.

कचरावेचक ताईंविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यांचे काम आपल्या डोळ्यांआड होते. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची कामगार संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आली, जिच्याशी महापालिकेने 2008 मध्ये करार केला. या व्यवस्थेत घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातील भंगाराची विक्री, यांवर त्यांचे घर चालते. म्हणून खरकट्याने भिजलेला कागद किंवा आमटी सांडलेला पुठ्ठा हे थेट त्यांच्या उत्पन्नातले नुकसान असते, आणि उघडे टाकलेले सॅनिटरी पॅड त्यांना हाताने वेगळे करावे लागते. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. प्रत्येक घराने ओला व सुका कचरा वेगळा ठेवला आणि शुल्क मागायला न लावता दिले, तर शालीपेक्षा मोठे आभार रोज मानले जातील, असे मी ठामपणे म्हणेन.

भाषणे थोडकीच असावीत, पण नेमकी असावीत. ‘आपण फार सेवा करता’ असे मोघम बोलण्याऐवजी पावसाळ्यात जिन्यात पाणी शिरले तेव्हा मावशींनी काय केले, हे ज्यांनी पाहिले त्यांनीच सांगावे. कोणाला सर्वांसमोर उभे राहणे अवघड वाटत असेल, तर आग्रह नको. त्याच बैठकीत हिशेब सांभाळणाऱ्या आणि टँकरसाठी धावपळ करणाऱ्या सभासदांचेही नाव घ्यावे. शेजाऱ्याचे आभार मानायचे आपण बहुधा विसरतो.

पोस्त अवश्य द्यावी, परंतु त्यांना दारोदार घंटी वाजवावी लागू नये म्हणून सर्व घरांकडून वर्गणी काढून ती पाकिटात, दिवाळीच्या खरेदीला उपयोगी पडेल इतकी आधी द्यावी.