जर्मन शब्दांचं डेर, डी, डास पाठच करावं लागतं का? मराठीवरून ओळखता येत नाही का?

डेर, डी, डास ही नामाआधी येणारी उपपदं: डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मराठीत शब्दाचं जे लिंग, तेच जर्मनमध्ये धरून चालेल का? आणि चालत नसेल, तर प्रत्येक शब्द वेगळा घोकायचा का? पहिल्याचं उत्तर 'नाही', दुसऱ्याचं 'काही शब्द हो, सगळे नाही'.

मराठीत खुर्ची ती, जर्मनमध्ये डेर श्टूल. दार ते, तर तिकडे डी ट्यूर. खिडकी ती, तर डास फेन्स्टर. सूर्य चक्क स्त्रीलिंगी: डी झोने. घर आणि पुस्तक जुळतात (डास हाउस, डास बूख), पण तो योगायोग आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. (डास म्हटलं की भिंतीवरचा डास आठवणारच, त्याला इलाज नाही.)

मराठीचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो. मोठेपणा तो, महानता ती, महत्त्व ते. अर्थ शेजारशेजारचे, लिंगं मात्र तीन, कारण लिंग वस्तूवरून नाही, शब्दाच्या शेपटावरून ठरलंय. जर्मनमध्येही असंख्य शब्दांचं असंच आहे, म्हणून आधी शेपटं शिका. शेवटी -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट, -त्सिओन किंवा -टेट आलं की डी: डी त्साइटुंग (वर्तमानपत्र), डी वोनुंग (राहती जागा), डी फ्राइहाइट (स्वातंत्र्य), डी उनिवेर्झिटेट. डेर श्प्रुंग (उडी) अपवाद वाटतो, पण तिथे उंग हा प्रत्यय नाही, मूळ शब्दाचाच भाग आहे. शेवटी -शेन किंवा -लाइन आलं की डास. म्हणून मुलगी, म्हणजे मेटशेन, ही डास. मुलीला नपुंसकलिंगी का म्हणतात यावर डोकं शिणवू नका, ते सगळं त्या -शेनमुळे आहे. -इस्मुस आणि -लिंग असले की डेर: डेर फ्र्यूलिंग (वसंत), डेर लेरलिंग (शिकाऊ कामगार). 'लिंग' हा प्रत्यय पुल्लिंगी, हे मराठी माणूस एकदा ऐकल्यावर विसरणं अवघड! -मेन्ट बहुधा डास (डास डोकुमेन्ट), पण डेर मोमेन्ट आणि डेर त्सेमेन्ट.

शेवटी नुसता 'ए' असेल तर बहुतेक वेळा डी: लाम्पे, टाशे (पिशवी). माणसं आणि मोजके शब्द यातून सुटतात: डेर युंगे (मुलगा), डेर कुंडे (गिऱ्हाईक), डेर नामे, डेर केझे (चीज), डास एंडे (शेवट), डास आउगे (डोळा). एवढे सहा आजच पाठ करा. शेवटच्या '-एर'वर मात्र विश्वास ठेवू नका. काम करणारा पुरुष असेल तर डेर (डेर लेरर, शिक्षक), पण लोणी डी बुटर आणि पाणी डास वासर. तिथे नियम नाही.

अर्थावरून ठरणारे गट थोडेच आहेत. वार, महिने, ऋतू, दिशा, पाऊस-वारा-हिम हे सगळे डेर. क्रियापदाचं मूळ रूप नाम म्हणून वापरलं की डास: डास एसन (जेवण). जोडशब्द मात्र अगदी आपल्यासारखे. स्वयंपाक तो, घर ते, म्हणून ते स्वयंपाकघर. तसंच डी कार्टोफेल (बटाटा) आणि डेर झालाट मिळून डेर कार्टोफेलझालाट. लांबलचक शब्द दिसला की फक्त शेवटचा तुकडा बघा.

आता पाठ केलेलं का विसरतं? मराठीत लिंग क्रियापदावरही उमटतं: आला, आली, आलं. त्यामुळे ते वाक्यागणिक कानावर पडतं. जर्मन क्रियापदाला लिंगाचं सोयरसुतक नाही. ते दिसतं फक्त उपपद, विशेषण आणि सर्वनामात. शिवाय हीच उपपदं विभक्तीत वेश बदलतात. 'मिट डेर बान' (रेल्वेने) वाचून बान पुल्लिंगी आहे असं वाटतं, पण ते डी बानचं चतुर्थीतलं रूप आहे. 'डी ब्यूशर' बघून पुस्तक स्त्रीलिंगी वाटतं, पण अनेकवचनात सगळ्यांनाच डी लागतं. म्हणून वाचताना नजरेला पडलेल्या डेर-डीवरून लिंग ठरवू नका. त्यापेक्षा त्सूर (त्सू + डेर) आणि त्सुम (त्सू + डेम) या जोडरूपांकडे लक्ष द्या; त्सू म्हणजे '-कडे'. त्सूर असेल तर शब्द नक्की डी, त्सुम असेल तर डेर किंवा डास.

वहीत शब्द लिहिताना 'टिश = टेबल' असं लिहू नका. उपपद, शब्द, अनेकवचन आणि एक द्वितीयेचं वाक्य, असं लिहा. द्वितीयाच का? प्रथमेत डेर आणि डास दोघांना 'आइन'च लागतं, फरक दिसत नाही. द्वितीयेत तिन्ही वेगळे होतात: इश हाबे आइनेन टिश, आइने लाम्पे, आइन बूख. हे मोठ्याने म्हणा. अनेकवचनही फुकट जात नाही, कारण ते करताना -एर लागत असेल (हाउस, हॉयझर) तर तो शब्द डी नसतोच. डेर निळ्या, डी लाल आणि डास हिरव्या शाईने लिहिलं तर नजरही मदत करते. रंग कोणतेही घ्या, मध्येच बदलू नका. दिवसाला आठ-दहा शब्द पुरेत. उजळणी करताना शब्द उघडा ठेवून उपपद झाका. बहुतेक जण उलट करतात, अर्थ झाकतात, आणि मग उपपदाची परीक्षा कधी होतच नाही.

बोलताना इंग्रजीतून विचार करू नका. टेबलाला, किल्लीला सर्रास 'एस' (ते, इंग्रजीतलं 'इट') म्हणायची सवय तिथूनच लागते. 'किल्ली कुठंय? ती इथे आहे' हे मराठी डोक्यात असेल तर डेर श्ल्यूसेलला (किल्लीला) जर्मनमध्ये 'एर' (तो) म्हणणं सहज जमतं.

चुकलं तरी लोकांना बहुधा कळतं. डेर झे (तळं) आणि डी झे (समुद्र) यांसारख्या जोड्यांत मात्र अर्थच बदलतो, जसं आपल्याकडे 'वेळ गेला' आणि 'वेळ आली'. दही विकत घेताना काळजी नको, योगुर्ट डेरही चालतं, डासही. आणि एका झटक्यात म्हणता येणारा, म्हणजे एकाच स्वराचा अनोळखी शब्द समोर आला, विचार करायला वेळ नसला, तर डेर म्हणा. टिश, श्टूल, बाउम (झाड), टाग (दिवस), त्सूग (आगगाडी) हे सगळे डेरच आहेत.