वाचकांचे प्रश्न : शेंगेन व्हिसाची कागदपत्रे

युरोपला अल्पकाळासाठी जाणाऱ्यांचे बरेच प्रश्न या वेळी आमच्याकडे आले. त्यांपैकी इतरांनाही उपयोगी पडतील असे काही येथे घेतले आहेत. सर्वांना लागू असलेल्या बाबी आधी थोडक्यात सांगतो. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर जेथे फिरता येते अशा युरोपीय देशांच्या गटात, आज २९ देश आहेत. प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी दाखल व्हावा लागतो. निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत होतो, मात्र अधिक चौकशीची गरज भासल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांसाठी ४५ युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने शिल्लक असलेला हवा.

प्रश्न : मी तासगाव भागातील द्राक्षबागायतदार आहे. जूनमध्ये आम्ही पती-पत्नी बारा दिवस स्वित्झर्लंड आणि फ्रान्स पाहण्यास जाणार आहोत. सर्व उत्पन्न शेतीचे असल्याने माझ्याकडे पगाराची स्लिप नाही आणि आयटी रिटर्नमध्ये करपात्र उत्पन्न जवळजवळ शून्य दिसते. एखाद्या फर्ममध्ये भागीदार असल्याचा कागद करून घ्यावा, असे एजंटचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : तो कागद मुळीच करू नये. बनावट कागद आढळणे हे अर्ज नाकारण्याचे स्वतंत्र कारण आहे. त्याची नोंद व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षे राहते आणि ती सर्व शेंगेन देशांच्या वकिलातींना दिसते. शिवाय आपल्याला त्याची गरजही नाही, कारण बागायतदाराकडे दाखवण्यासारखे पुष्कळ असते. फक्त ते मुंबईत किंवा दिल्लीत बसलेल्या परदेशी अधिकाऱ्याला कळेल अशा रीतीने मांडावे लागते.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ काढून त्यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे. खाते भावांबरोबर सामाईक असेल, तर आपला हिस्सा किती आणि प्रत्यक्ष कसणूक कोणाकडे आहे, हे कव्हरिंग लेटरमध्ये एका वाक्यात लिहावे, अन्यथा चार नावांच्या उताऱ्यावरून अधिकाऱ्याला काहीच बोध होणार नाही. त्यासोबत गेल्या दोन हंगामांच्या विक्रीच्या पावत्या, बाजार समितीतील आडत्याच्या हिशोबपट्ट्या, निर्यातदाराला किंवा बेदाण्यासाठी माल दिला असल्यास त्याची बिले द्यावीत, आणि त्यांतील रकमा बँक स्टेटमेंटमध्ये जेथे जमा झाल्या आहेत त्या नोंदींवर खूण करावी. पट्टीवरील रक्कम आणि बँकेतील नोंद जुळली की पगाराच्या स्लिपची उणीव भासत नाही. बागायतदाराच्या खात्यात पैसे महिन्याच्या महिन्याला न येता हंगामात एकदम येतात, म्हणून आपण तीन महिन्यांऐवजी वर्षभराचे स्टेटमेंट द्यावे, असे आम्ही सुचवतो.

शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असले तरी ते रिटर्नमध्ये दाखवता येते आणि दाखवायला हवे. मात्र असे उत्पन्न पाच हजार रुपयांहून अधिक असल्यास आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, याची आपल्या करसल्लागाराला आठवण करून द्यावी. तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला सहसा जोडू नये. आपल्याकडे तो बहुधा मुलांच्या फीसवलतीसाठी काढलेला असतो आणि त्यातील आकडा किती नम्र असतो, हे आपण सारेच जाणतो. असा दाखला आणि लाखोंच्या हिशोबपट्ट्या एकाच फाइलमध्ये गेल्या, तर अधिकाऱ्याने कशावर विश्वास ठेवावा?

परत येण्याचे कारण दाखवण्यातही आपली बाजू भक्कम आहे. एप्रिलची छाटणी उरकून आपण जात आहात आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीची तयारी त्याआधीच सुरू होते. हे वेळापत्रक पत्रात लिहावे आणि आपल्या गैरहजेरीत बाग कोण पाहणार, हेही नमूद करावे.

प्रश्न : आम्ही पॅरिसला उतरून तेथे चार रात्री, मग स्वित्झर्लंडमध्ये पाच आणि इटलीत तीन रात्री राहणार आहोत. अर्ज पहिल्या देशाकडे करायचा ना? स्वित्झर्लंडची अपॉइंटमेंट मिळत नाही. मधले दोन दिवस लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला येण्याचाही विचार आहे. (पुणे)

उत्तर : अर्ज स्वित्झर्लंडकडेच करावा लागेल. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज, असा नियम आहे. मुक्काम समसमान असेल तरच प्रथम प्रवेशाचा देश पाहिला जातो. अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून फ्रान्सच्या हॉटेलात दोन रात्री कागदावर वाढवायच्या आणि व्हिसा हाती आल्यावर त्या रद्द करायच्या, हा मार्ग सर्रास सुचवला जातो. तो पत्करू नये, कारण वकिलात हॉटेलकडे चौकशी करू शकते आणि विमानतळावरही मुक्कामाचे कागद मागितले जाऊ शकतात. बेतच खरोखर बदलून पॅरिसमध्ये अधिक राहणार असाल, तर फ्रान्सकडे अर्ज करण्यास काहीच हरकत नाही.

लंडन हा वेगळा विषय आहे. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे तेथे जाण्यासाठी स्वतंत्र व्हिसा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पॅरिसहून लंडनला गेल्यावर आपण शेंगेनमधून बाहेर पडता आणि परत येताना तो दुसरा प्रवेश ठरतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर लंडनहून पॅरिसची गाडी पकडता येणार नाही. म्हणून अर्जात एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी आणि त्याचे कारण प्रवासाच्या आराखड्यात स्पष्ट दिसू द्यावे.

प्रश्न : आमचा मुलगा म्युनिकला नोकरी करतो. आम्ही दोघे निवृत्त आहोत. १ जून ते ३१ ऑगस्ट असे तीन महिने त्याच्याकडे राहावे असे ठरले आहे. लग्नात माझे नाव बदलले. मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचे नाव आहे, तर माझ्या सेवापुस्तकात आणि पेन्शनच्या कागदांवर माहेरचे. अडचण येईल का? (सांगलीतील एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : पहिली अडचण तारखांची आहे. मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची आहे आणि जाण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. १ जून ते ३१ ऑगस्ट हे ९२ दिवस होतात, तेव्हा २९ ऑगस्टला जर्मनी सोडावी लागेल. आम्ही तर चार-सहा दिवस हातचे राखून परतीचे तिकीट घ्यावे असे म्हणू, कारण विमान रद्द होणे किंवा ऐन वेळी आजारपण येणे अशक्य नसते.

नावाबाबत घाबरण्याचे कारण नाही, परंतु तो प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात येण्याआधीच आपण सोडवलेला असावा. पासपोर्टवर जे नाव आहे तेच अर्जात, विमा पॉलिसीत आणि तिकिटावर अक्षरशः तसेच असावे. पेन्शनचे कागद दुसऱ्या नावाचे असल्याने विवाहनोंदणी प्रमाणपत्र जोडावे. नावबदल राज्यपत्रात प्रसिद्ध केला असल्यास ते पान सर्वांत उत्तम. दोन्ही नसतील, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे. मराठीतील जन्मदाखल्याचे भाषांतर करून घेताना दोन्ही नावांचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवण्यास भाषांतरकाराला आवर्जून सांगावे. ‘दीक्षित’सारखे आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेले आम्ही पाहिले आहे.

खर्च मुलगा करणार असेल, तर त्याने त्याच्या शहरातील परदेशी नागरिक कार्यालयातून जर्मन कायद्यानुसार हमीपत्र काढावे. त्याला ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात. मुलाचा पगार तपासून ते कार्यालय हे पत्र देते, आणि त्याद्वारे तो आपल्या राहण्याची, जेवणाखाण्याची व आजारपणाची आर्थिक जबाबदारी कायदेशीररीत्या स्वीकारतो. व्हिसाच्या अर्जासाठी ते सहा महिने ग्राह्य धरले जाते आणि मूळ प्रत लागते, म्हणून कुरिअरला लागणारे दिवस हिशेबात धरावेत. साध्या कागदावर लिहिलेले प्रेमळ निमंत्रण जरूर जोडावे, पण ते या हमीपत्राची जागा घेऊ शकत नाही. उलट, आपले पेन्शन आणि ठेवी पुरेशा असतील, तर आपल्याच खर्चाने जात असल्याचे दाखवून हमीपत्राशिवायही अर्ज करता येतो.

हमीपत्र असले तरी प्रवासविमा काढावाच लागतो. तो किमान ३०,००० युरोचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा आणि मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह हवा. व्हिसासाठी एवढे पुरते. आपल्या वयात मात्र पॉलिसीतील आधीपासूनच्या आजारांबद्दलचे कलम स्वतः वाचावे, कारण अनेक स्वस्त पॉलिसींत रक्तदाब व मधुमेह यांतून उद्भवलेला खर्च वगळलेला असतो.

प्रश्न : माझी नोकरी नवीन आहे आणि खात्यात फार शिल्लक नसते. अर्जापूर्वी काकांकडून पाच लाख रुपये घेऊन खात्यात ठेवले तर चालेल का? विमानाचे तिकीट आधी काढावे लागते का? (ठाणे)

उत्तर : अर्जाच्या आठवडाभर आधी जमा झालेले पाच लाख ही अधिकाऱ्याच्या नजरेत सर्वांत आधी भरणारी नोंद असते. दरमहा पगार येतो, खर्च होतो आणि काही शिल्लक राहते, हे खात्यातून दिसणे अधिक मोलाचे आहे. काका खरोखरच प्रवासाचा खर्च करणार असतील, तर तसे उघडपणे लिहावे आणि त्यांचे पत्र, बँक स्टेटमेंट व नात्याचा पुरावा जोडावा. किती रक्कम पुरेशी, हे देशागणिक वेगळे आहे. उदाहरणार्थ, स्वित्झर्लंड दररोज माणशी सुमारे १०० फ्रँक धरते, तर फ्रान्स हॉटेलचे आरक्षण दाखवल्यास दररोज ६५ युरो धरतो. त्या हिशेबाने आठ दिवसांची सहल आपल्या पगारात बसत असेल, तर वीस दिवसांचा बेत कागदावर मांडू नये. कंपनीकडून रजा मंजूर झाल्याचे आणि परतल्यावर कामावर रुजू होणार असल्याचे पत्र अवश्य घ्यावे. नोकरी नवीन असल्याने त्याला विशेष महत्त्व आहे.

व्हिसा मिळण्याआधी पूर्ण पैसे भरून, परतावा न मिळणारे तिकीट काढण्याची गरज नाही. जाण्या-येण्याचे आरक्षण पुरते. ते खरे, विमान कंपनीकडे तपासता येण्याजोगे असावे.

प्रश्न : प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाच्या अटी सिद्ध झाल्या नाहीत, असे कारण देऊन माझा अर्ज नाकारला गेला. आता किती महिने थांबावे? (नागपूर)

उत्तर : थांबण्याची सक्ती नाही, आपण उद्याही नवा अर्ज करू शकता, मात्र शुल्क पुन्हा भरावे लागेल. निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही आहे आणि ती कोठे व किती दिवसांत मागायची, हे नकाराच्या पत्रावरच लिहिलेले असते. जर्मनीने वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची विनाशुल्क सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. तेथे आता नवा अर्ज किंवा न्यायालय एवढेच मार्ग उरतात. आपल्या नकाराचे कारण पाहता नवा अर्ज अधिक सोयीचा वाटतो. परंतु जुनीच फाइल पुन्हा देऊ नये. प्रत्येक रात्रीचा मुक्काम, शहरा-शहरांमधील प्रवासाचे साधन आणि त्याचे आरक्षण यांचा तारीखवार तक्ता करावा, आणि पूर्वीचा नकार न लपवता या वेळी कोणते कागद नव्याने जोडले आहेत, ते कव्हरिंग लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात सांगावे. बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असल्यास ते सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत.