१८ फुटी बोट काढून २३ फुटी घ्यायची आहे. बॉस्टन व्हेलर, ग्रेडी-व्हाइट की सी रे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात पाच माणसं, १८ फुटी बोट आता पुरत नाही, २२-२३ फुटी सेकंडहँड बघताय आणि या तिघांतला सगळ्यात चांगला ब्रँड कोणता ते हवंय. शेवटी एक वाक्य सहज टाकलंय, 'मोठा भाऊ म्हणतो नाव बघून घे, बाकी डोकं चालवू नकोस.' मी लिहायला बसलो तो त्या शेवटच्या वाक्यामुळे. नाहीतर ब्रँडच्या प्रश्नांना मी उत्तरं देत नाही.

आधी तुमची यादी. बॉस्टन व्हेलर आणि सी रे हे तुम्ही एकमेकांसमोर उभे केलेत, पण दोघांचा मालक एकच, ब्रन्सविक. सी रे १९८६ साली घेतली, व्हेलर १९९६ साली. बेलायनर हा बोटींचा ब्रँडही त्यांचाच आणि मर्क्युरी इंजिनंही त्यांचीच. म्हणजे एकाच घरातली दोन पोरं उभी करून तुम्ही विचारताय, यातला चांगल्या घरातला कोणता? ग्रेडी-व्हाइट तेवढी वेगळी. १९५९ पासून नॉर्थ कॅरोलायनात बोटी बांधतात आणि मागे यामाहाचंच इंजिन लावतात.

आता माझं ऐका.

मी आणि दादानं मिळून एक २१ फुटी बोट घेतली होती. पुढे नाळेत बसायला जागा, मागे स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर), नऊ वर्षं वापरलेली. कंपनीचं नाव घेत नाही. तुमच्या यादीतली नाही, पण नाव काढलं की जेटीवरची माणसं मान डोलावतात अशी. मला घेण्याआधी सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून अहवाल देणारा माणूस, लावायचा होता. दादा म्हणाला, "एवढ्या नावाजलेल्या बोटीला सर्व्हेअर? सोन्याच्या अंगठीला कुणी हातोडी मारून बघतं का?" वर त्यानं मला त्या करवतीनं कापलेल्या बोटीची गोष्ट सांगितली. १९६१ साली व्हेलरच्या डिक फिशरनं बोट मधोमध कापून घेतली, स्वतः तीत बसून राहिला आणि 'लाइफ' मासिकात ते फोटो छापून आले. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. फक्त ती व्हेलरची आहे. त्यांच्या हलच्या, म्हणजे बोटीच्या कवचाच्या, दोन कातड्यांमध्ये फोम ठासून भरलेला असतो, म्हणून ती तरली. आमच्या बोटीत इंजिनाखाली होती ती पोकळ बिल्ज, म्हणजे तळातली पाणी साचायची जागा. पण दादाच्या डोक्यात नामांकित बोट म्हणजे न बुडणारी बोट असं एकदा बसलं ते बसलंच.

पहिले दोन हंगाम झकास गेले, हेही सांगतो. तिसऱ्या हंगामात सुकाणू पूर्ण वळवलं की मागून जातं फिरवल्यासारखी घरघर यायला लागली. सरळ चालवली की बंद. मी म्हटलं, हे बघायला पाहिजे. दादानं गाण्यांचा आवाज वाढवला. मग एका सकाळी जेटीवर सगळे चढत होतो. मी, बायको, मुलगी, दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि आई. बोटीच्या कुशीतल्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली, थांबली, पाच मिनिटांनी परत उडाली. आई म्हणाली, "ही सारखी लघवीला का जातेय रे?" आम्ही पोट धरून हसलो. दादा म्हणाला, "बिल्ज पंप आहे आई, काम करतोय म्हणजे चांगलंच आहे." चांगलं कसलं? पंप दर पाच मिनिटांनी लागतोय म्हणजे पाणी कुठून तरी सतत आत येतंय, एवढं आईला कळलं आणि आम्हाला नाही.

मधोमध जाऊन नांगर टाकला, इंजिन बंद केलं, पोरं पोहायला उतरली. दोन तास गाणी चालू, दोन तास पंप चालू आणि बॅटरी एकच. आधी गाणी गेली. पंपही थांबला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शांत झालं म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं. चावी फिरवली तर नुसता टक् आवाज. इंजिनाचं झाकण उचललं तर आत काळं पाणी, त्यावर तेलाचा रंगीत तवंग आणि त्यात माझ्या मुलीची एक चप्पल तरंगतेय. पाणी स्टार्टरपर्यंत चढलेलं. आई काही बोलली नाही, तिनं फक्त पायातल्या वहाणा काढून पिशवीत ठेवल्या. ते मला अजून आठवतं.

लाइफ जॅकेटं सगळ्यांना होती. बादलीनं पाणी उपसत राहिलो आणि एका म्हाताऱ्या मासे पकडणाऱ्यानं आम्हाला दोरी लावून रॅम्पपर्यंत ओढत नेलं. त्याची बोट ॲल्युमिनियमची, ठिकठिकाणी पोचे पडलेली, मागे बाहेरून लटकवलेलं लहानसं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड.

बोट ट्रेलरवर चढवून ड्राइव्ह एका बाजूला वळवला तेव्हा कळलं. ड्राइव्ह आणि ट्रान्सम (बोटीची मागची उभी भिंत) यांच्या मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखी रबराची नळी असते, तिला बेलोज म्हणतात. ती पाण्याच्या पातळीखाली असते आणि बाहेरचं पाणी आणि तुमची बोट यांच्यामध्ये तिथे दुसरं काहीही नसतं. तिच्या घडीत चीर गेली होती. मी बोट घातलं तर पहिलं पेर आत गेलं. घरघर करत होतं ते ड्राइव्हच्या दांड्याला आधार देणारं गिंबल बेअरिंग, पाण्यानं गंजलेलं. बेलोज म्हणजे सबंध बोटीत सगळ्यात स्वस्त म्हणावी अशी वस्तू आणि तिच्यावर कुठल्याच कंपनीचं नाव मिरवायला जागा नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. कुटुंबाला फिरवायला बोट घेताय, ती पाण्यातच बांधून ठेवणार असाल, तर आउटबोर्ड घ्या. इंजिन बाहेर, पेट्रोलची वाफ बाहेर, ट्रान्समला पाण्याखाली तेवढं मोठं भोक नाही. स्टर्नड्राइव्हला सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि इंजिनाच्या खोलीत तळाला साचते. ते आम्ही न चुकता करायचो. ती चार मिनिटं दादा घड्याळ लावून मोजायचा. बेलोज मात्र घड्याळ लावून कुणी बघत नाही.

दुसरी गोष्ट, जी तुम्ही १८ वरून २३ वर जाताना कुणी सांगणार नाही. अमेरिकेत कोस्ट गार्डचा तरंगण्याचा नियम २० फुटांखालच्या बोटींनाच आहे. तुमची आत्ताची १८ फुटी आउटबोर्डवाली असेल तर ती पाण्यानं भरली तरी सपाट तरंगत राहिली पाहिजे, असा कायदा आहे. २३ फुटीला तो लागू नाही. म्हणजे बोट मोठी होते आणि कायद्याचा आधार सुटतो. तिथे कंपनीनं आपणहून काय केलंय ते बघायचं. व्हेलर करते, त्यावरच तिचं दुकान चालतं. ग्रेडी-व्हाइटही फोम भरते. नाव बघायचंच असेल तर या कारणासाठी बघा. दादासारखं नको.

फोमचंही एक आहे. जुन्या बोटीत कुणीतरी फिशफाइंडर लावायला स्क्रू मारलेले असतात आणि भोकं सीलंटनं बुजवलेली नसतात. वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि फोम जड होतो. अशी बोट बुडणार नाही कदाचित, पण बैलासारखी चालेल. शंका आली तर ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या. ट्रान्समला प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकून बघा. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आतलं लाकूड कुजलंय. हो, सोन्याच्या अंगठीला हातोडी मारायचीच.

तळाच्या आकाराबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. रे हंट नावाच्या माणसानं खोल व्ही आकाराचा तळ काढला, मागच्या टोकाला साधारण २४ अंशांचा. त्याच्या आराखड्यावरची 'मॉपी' ही बोट रिचर्ड बर्ट्रमनं १९६० च्या मायामी-नॅसॉ शर्यतीत उतरवली आणि खवळलेल्या समुद्रात जिंकली. तेव्हापासून सगळ्यांना खोल व्ही हवा असतो. पण तो लाटा कापतो म्हणजे उभं राहिल्यावर डुलतोही जास्त, आणि त्याला ढकलायला इंजिनही मोठं लागतं. तुमची माणसं नांगर टाकून चार तास बसणारी असतील तर १८-२० अंशांचा तळ बरा. समुद्रात लांब जाणार असाल तर खोल घ्या. ग्रेडी-व्हाइटचा तळ हंटच्याच डिझाइन संस्थेतून आलाय. त्यात पुढून मागे कोन सतत बदलत जातो, त्यामुळे चालताना मऊ आणि थांबल्यावर बऱ्यापैकी स्थिर. शांत पाण्यावर पोरांना पोहायला आणि ट्यूबवर ओढायलाच बोट हवी असेल, तर ग्रेडीचे पैसे कशाला घालवताय? सी रे चांगली आहे, बसायला ऐसपैस आहे. हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

इंजिनाबद्दल एवढंच, की त्याचा मेकॅनिक तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे का ते बोट बघायला जाण्याआधी विचारा. एव्हिनरूड हे आउटबोर्डमधलं शंभर वर्षांहून जुनं नाव. २०२० साली मालकांनी एका घोषणेत उत्पादन बंद केलं. दादाच्या हिशेबानं ते बंद पडायलाच नको होतं.

विक्रेता मॉडेलचं वर्ष तोंडी सांगेल, त्यावर जाऊ नका. मागे ट्रान्समवर उजव्या बाजूला बारा अक्षरा-आकड्यांचा हल नंबर कोरलेला असतो, शेवटचे दोन आकडे म्हणजे मॉडेलचं वर्ष. आणि माहितीपत्रकातल्या वजनात पेट्रोल धरलेलं नसतं, कित्येकदा आउटबोर्डही नसतं. ३०० लिटरची टाकी भरली की सव्वादोनशे किलोच्या आसपास तिथेच वाढले. ते ओढणाऱ्या गाडीला झेपतं का बघा.

ट्रायलला पाचही जणांना घेऊन जा. एकटे गेलात तर बोट वाऱ्यासारखी पळेल आणि तुम्ही फसाल. पाचही जण बसवा, सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि गाणी बंद ठेवा.

आता थोडं प्रामाणिक व्हायला हवं, नाहीतर दादाला कुणीतरी हे पाठवेल आणि तो फोन करेल. स्टर्नड्राइव्ह वाईट असतं असं नाही. मागे पोहण्याचा सपाट फलाट मिळतो तो त्यामुळेच, आणि ट्रेलरवर ठेवणारी कितीतरी माणसं ती वर्षानुवर्षं बिनघोर वापरतात. दुसरं म्हणजे, बेलोज दरवर्षी तपासा असं आमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. एक वर्ष दादा, एक वर्ष मी असं आमचं ठरलं होतं, आणि त्या वर्षी पाळी माझी होती. मी ड्राइव्ह वर उचललेलाच असताना टॉर्च मारून बघितलं, चकाकत होते, झालं. बेलोजच्या घड्या बघायच्या तर ड्राइव्ह दोन्ही बाजूंना वळवून त्या ताणाव्या लागतात. आणि तो सर्व्हेअर मी तेव्हा लावला असता तरी त्यानं बेलोज उत्तम आहेत असंच लिहून दिलं असतं, कारण चीर गेली तिसऱ्या वर्षी. एवढं मी मान्य करतो. दादा याच्यावरच अडून बसलाय, "बोट चांगली होती, तू बघितली नाहीस." माझं म्हणणं, घरघर ऐकून गाणी कुणी मोठी केली? सात वर्षं झाली, वहिनी आता हा विषय निघाला की उठून आत जातात.

ती बोट आम्ही विकली, घेणाऱ्याला सगळं सांगून. मी पुढच्याच वर्षी आउटबोर्डवाली घेतली. सर्व्हेअर लावला, त्यानं तीन पानं भरून खोड्या काढल्या, त्यातल्या दोन दुरुस्त करून घेतल्या आणि एकीवर किंमत पाडली. दादा अधूनमधून येतो. जेटीवर उभा राहतो, मागे वाकून बघतो आणि चढायच्या आधी विचारतो, "बेलोज बघितलेस का?" आउटबोर्डला बेलोज नसतात, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी दर वेळी विचारतो.