वाचकांचे प्रश्न: बँजो बेसूर वाजतोय? आधी घोडी बघा

या वेळी पत्रं जवळजवळ सगळी बँजोचीच आलीयेत, काही पाच तारांच्या अमेरिकन बँजोबद्दल आणि काही आपल्या मिरवणुकीतल्या बटणांच्या बँजोबद्दल. दोन्ही वाद्यं वेगळी आहेत म्हणून उत्तरंही वेगवेगळी देते. पण एक गोष्ट सगळ्यांनाच सांगायचीय, वाद्य बिघडलंय असं ठरवून खर्चात पडायच्या आधी घरी शांतपणे बसून घोडी (तारा जिच्यावरून जातात ती उभी पट्टी), हेड (पुढचा ताणलेला पडदा) आणि तारा तपासा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

प्रश्न: ताई, मावसभाऊ अमेरिकेहून येताना माझ्यासाठी पाच तारांचा बँजो घेऊन आला. मोबाइलच्या ट्यूनरवर मोकळ्या तारा बरोबर लागतात पण वरच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) गेलं की सगळं चढं वाजतं. एका दुकानात सांगितलं की मान वाकलीये, मोठं काम आहे. खरंच तसं असेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: असेलही, पण आधी घोडी बघा. गिटारसारखी बँजोची घोडी चिकटवलेली नसते, ती फक्त तारांच्या दाबाने हेडवर उभी असते. विमानप्रवासाआधी कोणी तारा सैल केल्या असतील तर ती सरकलेली असणार किंवा पडून कोणीतरी अंदाजाने परत उभी केलेली असणार.

तपासायचं असं. पहिली, म्हणजे वाजवताना जमिनीकडची तार घ्या, बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा स्वच्छ हार्मोनिक येईल. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी टेलपीसकडे, म्हणजे तारा मागे जिथे अडकवतात तिकडे सरकवा, उतरलेला आला तर मानेकडे. तुमचा चढा येतोय म्हणजे घोडी पुढे आलीये. सुरुवातीचा अंदाज घ्यायला टेप लावा, नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत जितकं अंतर तितकंच तिथून घोडीपर्यंत, म्हणजे तारेची पूर्ण लांबी सव्वासव्वीस इंच असेल तर साधारण सव्वातेरा इंचाच्या किंचित आत. मग कानाने आणि ट्यूनरने बारीक सरकवत जा, एकेक मिलिमीटरचाही फरक ऐकू येतो.

सरकवताना तारा थोड्या सैल करा, पण सगळ्या काढू नका, आणि घोडी दोन्ही हातांनी खालच्या पायांपाशी धरून ढकला, वरून ढकलली तर ती कलते. टेलपीसकडची तिची बाजू हेडला काटकोनात हवी आणि तिन्ही पाय पूर्ण टेकलेले हवेत. पहिल्या आणि चौथ्या अशा दोन्ही तारांवर हीच परीक्षा करा, जाड तारेच्या बाजूने घोडी किंचित मागे राहिली तर बिघडत नाही. तिसरी तार मात्र सगळं करूनही थोडी चढीच बोलते, सरळ घोडीवर तिचं तसंच असतं, त्यावर फार डोकं लावू नका. जागा सापडली की घोडीच्या पायांशी हेडवर पेन्सिलने बारीक खुणा करून ठेवा.

एवढं करूनही बेसूर वाटलं तर तारा बदला, जुनी गंजकी तार कधीच सुरात लागत नाही. मानेची शंका शेवटी. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघा, जाडसर कागद जेमतेम जाईल एवढी असली तर मान ठीक आहे. दुकानात जायचंच झालं तर हे सगळं तपासून मग जा, म्हणजे नेमकं काय विचारायचं ते कळेल.

प्रश्न: जुलैपासून आवाज भदभदीत झालाय, आधीची ती टणत्कार देणारी धार गेली. पावसामुळे हेड ओलं झालं असेल का? मागचे दोन रॉड पिळून बघू का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: रॉड आत्ता अजिबात पिळू नका! ते मान आणि रिम, म्हणजे हेडखालचं गोल कडं, धरून ठेवतात. तारांची उंची कमी करायला किंवा आवाज सुधारायला लोक तेच पिळत बसतात आणि रिमचा आकार बिघडवून घेतात.

तुमचं हेड पांढरं प्लॅस्टिकचं असेल तर ते दमटपणाने फारसं बदलत नाही. चामड्याचं असेल तर पावसाळ्यात ते सैल पडणारच, त्याला इलाज म्हणजे रोज थोडं लक्ष. प्लॅस्टिक हेड नवीन असताना मात्र काही महिने ताणलं जात सैल होतं, म्हणजे तुमचं कारण बहुधा पाऊस नसून हेड बसतंय हे आहे.

कडेला गोल रांगेत हुक असतात, चांगल्या बँजोवर 24. तारांवर रुमाल टाकून त्या गप्प करा आणि प्रत्येक हुकसमोर, कडेपासून दोन बोटं आत, बोटाने टकटक करत गोल फिरा. जिथे आवाज खाली येतो तो हुक सैल. तबला लावताना आपण जसे समोरासमोरचे घर जुळवतो तसंच इथेही समोरासमोरच्या हुकांचे फिरवायचे नट घ्या, एका वेळी आठवा भाग फेरा, त्याहून जास्त नको. 11 इंची हेडसाठी बरेच लोक एकंदर स्वर काळी चारच्या आसपास आणतात, तिथे धार येते. त्याच्या वर ताणत गेलात तर एक दिवस हेड फाटेल.

आणखी एक खूण सांगते. स्टीलची पट्टी घोडीला लागून हेडवर आडवी ठेवा, घोडीपाशी पट्टीखाली दीड-पावणेदोन मिलिमीटरची फट म्हणजे एक नाणं अडून जाईल इतपत, तर ताण ठीक आहे, जास्त खड्डा दिसला तर हेड सैल. ताणल्यावर घोडी वर उचलली जाते त्यामुळे तारा फ्रेटपासून जरा लांब जातील आणि घोडीची जागाही परत तपासावी लागेल. बाराव्या फ्रेटवर तीन मिलिमीटरच्या आसपास उंची असली की हाताला बरं पडतं.

बाकी पुण्याच्या पावसात बँजो पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की तारा आणि हुक कोरड्या फडक्याने पुसा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उलट लाकूड आटतं, त्यामुळे गाडीच्या डिकीत ठेवून कामाला निघून जाणं बंद करा, लाकडाला आणि सरसाला त्याने खरोखर त्रास होतो.

प्रश्न: मी हार्मोनियम शिकलेय. बँजोवर आपली गाणी वाजवता येतील का? त्या आखूड पाचव्या तारेचं नक्की काय करतात? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण सरगममधून बघितलं की बँजो पटकन समजतो. नेहमीचं ओपन जी ट्यूनिंग म्हणजे पांढरी पाच हा सा धरा. चौथी जाड तार मंद्र पंचम, तिसरी सा, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम, आणि अंगठ्याखालची आखूड पाचवी तार तार षड्ज. ती पाचव्या फ्रेटपासून सुरू होते, तिच्यावर बहुधा सूर बदलत नाहीत, ती सतत सा देत राहते. आखूड तारेची ही कल्पना पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांमधून आलीये, गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या लोकांनी तिथे भोपळ्याला चामडं चढवून जी वाद्यं केली त्यांचाच वारसा आजच्या बँजोत आहे, आणि हे शिकणाऱ्याला माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

मोकळ्या तारा छेडल्या की शुद्ध गंधार वाजतो, त्यामुळे भीमपलासीसारखा कोमल गंधाराचा राग घेतला की गोंधळ होणार. त्यासाठी दुसरी तार अर्धा स्वर चढवून मध्यमावर न्या, मग सा, म आणि प एवढेच सूर मोकळे राहतात. अमेरिकेतले जुने वादकही हे ट्यूनिंग वापरतात. लांब मींड मात्र मागू नका, फ्रेट आहेत आणि स्वर लवकर विरतो.

तो विरतो म्हणूनच रोल वाजवतात. अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी, तर्जनी आणि मधल्या बोटात धातूच्या, आणि अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-मधलं. आठ मात्रांत तीन-तीन-दोन. केरवा मनात मोजा आणि अगदी विलंबित सुरू करा, आठही आघात सारखे येईपर्यंत लय वाढवू नका. तीन बोटांच्या या पद्धतीला जगभर नेलं ते अमेरिकन बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांनी, 1945 साली ते तिथलेच गायक बिल मन्रो यांच्या बँडमध्ये आले आणि बँजोकडे बघायची लोकांची नजरच बदलली.

गाणाऱ्याची पट्टी पांढरी सहा असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि पाचवी तार वेगळी, तेवढीच चढवून घ्या, ती कॅपोत येत नाही हे नवीन लोक विसरतात.

प्रश्न: मंडळाच्या बँजोची बटणं अडकतायत, गणपती तोंडावर आलेत. खोबरेल तेल सोडलं तर चालेल का? (एक कार्यकर्ता, चिंचवड)

उत्तर: तेल नको दादा, गुलाल आणि धूळ बसून बटणं आणखी घट्ट होतील. तारा सैल करा, वरचं कव्हर उघडा, कोरड्या ब्रशने बटणांच्या खाचा साफ करा आणि प्रत्येक बटण दाबून ते आपोआप वर येतं का बघा. येत नसेल तर त्याची स्प्रिंग थकलीये, तेवढीच बदलून घ्या. बटण दाबून तार फ्रेटवर पूर्ण टेकत नसेल तर खरखर येते, तिथला गंज बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा. पिकअपमधून (तारांचा आवाज स्पीकरकडे नेणारा भाग) घूं असा आवाज येत असेल तर आधी केबल बदलून बघा. हे वाद्य मुळात 1912 च्या सुमारास जपानमध्ये नागोयाला बनलेल्या ताइशोगोतोवरून आलंय, रचना साधी आहे, हाताने दुरुस्त होतं. तारा मिरवणुकीच्या आदल्या रात्री नका बदलू, तीन-चार दिवस आधी बदला म्हणजे ताणून बसतील.

प्रश्न: पाच तारांच्या बँजोची तार तुटली तर पुण्यात काय करायचं? आणि फ्लॅटमध्ये आवाज कमी कसा करू, शेजारी वैतागलेत. (एक वाचक, वारजे)

उत्तर: बँजोच्या तारेला टोकाला फास असतो, गिटारच्या तारेला छोटा गोळा. दुकानात बँजोची तार नसली तर त्याच जाडीची गिटारची साधी तार घ्या, पहिल्या आणि पाचव्यासाठी 9 किंवा 10 नंबर, आणि पकडीने गोळा हलकेच दाबून काढा, मागे फास उरतो. एका वेळी एकच तार बदला, सगळ्या काढल्यात तर घोडी पडेल. आवाजासाठी मागचा रेझोनेटर (पाठीवरचं ताटलीसारखं लाकडी झाकण) काढा आणि रॉड आणि हेडच्या मध्ये एक मऊ पंचा दुमडून घाला, घोडीच्या बरोबर खाली. पंचा जितका दाबून बसेल तितका आवाज उतरेल.