सायकल-सल्ला : अमेरिका आडवी पार करताना

प्रश्न : 600 कि.मी.ची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) मी 37 तासांत करतो. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ (रॅम) एकट्याने करायची तर वेग किती वाढवू? – एक वाचक, नाशिक

वेगाच्या आधी थांबण्याचा हिशेब मांडा. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 कि.मी. आणि पन्नाशीच्या आतल्या एकट्या पुरुष स्पर्धकाला मुदत 12 दिवसांची, म्हणजे 288 तास. झोप, जेवण, कपडे, पंक्चर सगळं धरून रोज चार तास सायकलवरून उतरलात, तर उरलेल्या 240 तासांत ताशी 20 कि.मी.ची सरासरी लागते. पाच तास उतरलात की 21. हा एक किलोमीटर घरी बसून किरकोळ वाटतो. दहाव्या दिवशी अ‍ॅपलाचियन या पूर्वेकडच्या डोंगररांगेच्या चढांवर तो पायांत उरलेला नसतो.

वेळ खरी जाते ती बारीकसारीक थांब्यांत. बाटली घेतली, जॅकेट काढलं, सनस्क्रीन लावलं : सहा-सहा मिनिटांचे दहा थांबे झाले की तास गेला. म्हणून कामं साठवून ठेवा. लघवीला उतरलात की त्याच थांब्यात बिब (खांद्यावरून पट्टे असलेली सायकलिंगची चड्डी) बदला, क्रीम लावा, दिव्याची बॅटरी बदलून घ्या. क्रूने (गाडीतून सोबत येणाऱ्या मदतनीसांनी) चेनला तेल तेव्हाच द्यावं. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ही रेस एकट्याने पूर्ण केली, तेव्हा दोघेही मुदतीला काही तास उरलेले असताना पोहोचले. रोजचा एक तास जास्त थांबण्यात गेला असता, तर 12 दिवसांत ते काही तास संपले असते.

पहिल्या रात्री बरेच जण झोपत नाहीत. पुढे रोज दीड ते तीन तासांची झोप पुरवून घ्यावी लागते. ती रात्री दोन ते पाचच्या दरम्यान घ्यावी, असं आमचं मत. डोळ्यांवर पेंग तेव्हाच सर्वाधिक असते आणि वेगही तसा पडलेलाच असतो.

एकट्यासाठी आधी पात्रता मिळवावी लागते. पुणे–गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही सायकल स्पर्धा त्यासाठी चालते.

प्रश्न : लांबच्या राइडमध्ये मान उचलवेनाशी होते, हे काय? – एक वाचक, सांगली

मानेमागचे स्नायू थकून डोकं पेलेनासे होतात. हनुवटी छातीला टेकते, समोरचा रस्ता दिसत नाही. याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. 1982 च्या पहिल्या ‘रॅम’मधल्या चार स्पर्धकांपैकी एक, मायकेल शर्मर, यांच्यावरून हे नाव पडलं. नुसत्या दुखण्यात आणि यात फरक आहे : इथे मान जोर धरतच नाही आणि तासाभराच्या विश्रांतीने सुधारत नाही. कॉलर किंवा पट्ट्यांचा आधार देऊन काही जण रेटतात, पण तो नाइलाज.

उपाय निघण्याआधीचे. स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या आडव्या नळीखाली) स्पेसर म्हणजे उंची वाढवणाऱ्या कड्या घाला किंवा स्टेम उलटा लावून हँडल वर घ्या. एरोबार (कोपरं टेकवून पुढे वाकून धरायच्या दांड्या) असतील तर कोपरांचे पॅडही उंच करा. हेल्मेट हलकं निवडा. त्यावरचा दिवा काढून हँडलवर आणा, कारण डोक्यावरचं थोडंसं वजनही तासन्‌तास मानेलाच तोलावं लागतं. तीन-चार महिने आधीपासून मानेचे व्यायाम करा : तळहात डोक्यामागे ठेवून डोकं मागे दाबायचं, दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. रेसमध्ये मान जड वाटायला लागली की त्याच क्षणी क्रूला सांगा. हँडल वर घ्यायची खरी वेळ ती.

प्रश्न : वाळवंटात भरपूर पाणी पिऊनही बोटं सुजतात. पाणी कमी पडतं का? – एक वाचक, पुणे

बहुधा उलट. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या बोरेगो स्प्रिंग्जच्या बाजूला जूनमध्ये पारा 40 च्या वर जातो. घामातून मीठ जातं आणि वर नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम उतरतं. अंगठी रुतायला लागली, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उमटला, मोज्याच्या काठावर खोबण पडली की वजन करा. निघताना होतं त्यापेक्षा वजन वाढलेलं असेल तर पाणी जास्त झालंय. त्यात डोकेदुखी, उलटी किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं तर सायकल थांबवून थेट डॉक्टर गाठा.

सुरुवात म्हणून उन्हात ताशी 750 मि.ली. ते एक लिटर पाणी, दर लिटरला 500 ते 1,000 मि.ग्रॅ. सोडियम आणि ताशी 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं धरा. स्वतःचा आकडा घरी काढा : उन्हात तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर वजन करा, प्यायलेलं पाणी मिळवा, लघवी वजा करा. मार्च-एप्रिलमधलं विदर्भाचं ऊन या चाचणीला उत्तम.

प्रश्न : क्रूमध्ये ड्रायव्हर कोण असावा?

रात्री फॉलो कारच्या (मागोमाग येणाऱ्या क्रूच्या गाडीच्या) दिव्यांतच सायकल चालवायची असते, त्यामुळे ड्रायव्हर ताजातवाना हवा आणि सलग सहा-आठ तासांवर त्याला बसवू नका. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात. निदान दोन-तीन दिवस आधी जाऊन अंधारात, सायकलमागे, ताशी 20 च्या वेगाने गाडी चालवण्याचा सराव करा. शेजारी रस्ता सांगणारा दुसरा माणूस कायम जागा हवा, आणि दोघांच्या पाळ्या एकाच वेळी बदलू नका.