एक्केचाळिशीत एमबीए करू का?

प्रश्न: ताई, मी ४१ वर्षांचा, बी.ई. मेकॅनिकल. भोसरीत गिअर बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर आहे. नोकरीला १८ वर्षं झाली. माझ्या वरच्या जागेवर बाहेरून एक एमबीए झालेला तरुण आणून बसवला, तेव्हापासून मनात घोळतंय. नोकरी सोडून, कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षं पूर्णवेळ शिकावं का? मुलगी नववीत आहे. गणिताचीही धास्ती वाटते.
– एक वाचक, भोसरी

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. चाळिशीत मीही इथेच अडले होते.

कॅटला वयाची वरची मर्यादा नाही, हे खरं. पण त्या दोन वर्षांच्या वर्गात बरीचशी मुलं बावीस ते पंचविशीतली असतात आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्याही त्यांच्यासाठीच येतात. तुमच्या १८ वर्षांचं तिथे चीज होणार नाही. त्यासाठी नोकरी सोडू नका. अनुभवी माणसांचे वर्ग वेगळे आहेत. अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स आणि बंगळूरचा ईपीजीपी हे एका वर्षाचे, पूर्णवेळ. हैदराबादच्या आयएसबी या बिझनेस स्कूलचा पीजीपी मॅक्स नोकरी सांभाळून करता येतो. अमेरिकेत एमआयटीचा स्लोन फेलोज तर किमान १० वर्षांचा अनुभवच मागतो.

गणिताचं म्हणाल, तर अशा बऱ्याच वर्गांच्या प्रवेशासाठी जीमॅट ही परीक्षा चालते. २०२३च्या अखेरीस आलेल्या नव्या जीमॅटमध्ये भूमिती नाही, निबंधही नाही. गणिताचे २१ प्रश्न, ४५ मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग. रिजेक्शनची टक्केवारी तुम्ही रोज तोंडी काढत असाल. आपल्या वयाला जड जातो तो वेग, म्हणून पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून सोडवा. मी पहाटे पाच ते साडेसहा बसायचे.

खरी परीक्षा पुढे आहे. पहिल्या वर्षी एका संस्थेनं मला मुलाखतीनंतर नाकारलं. 'आत्ताच का?' या प्रश्नावर मी म्हणाले, प्रमोशन अडलंय. तुमच्या पत्रातही तोच सल आहे. तो खोटा नाही, पण अर्जात आला की त्याचं गाऱ्हाणं होतं.

दुसऱ्या वर्षी अर्जासोबतचा निबंध नव्यानं लिहिला. आधीच्यात 'जबाबदारी सांभाळली' सात ठिकाणी होतं. नव्यात एकच रात्र होती. सातपूरच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट संपत आलेली, भट्टीतून निघालेल्या लॉटची हार्डनेस दोन पॉइंट कमी लागली. ट्रक गेटवर उभा, माल गेला नाही तर सकाळी गिऱ्हाइकाची लाइन थांबणार. मी प्रत्येक ट्रेमधले पीस काढून पुन्हा तपासले. वरच्या ट्रेमधले बरोबर, खालचे मऊ. अर्धा लॉट सोडला, अर्धा अडवला आणि साडेअकराला गिऱ्हाइकाच्या माणसाला स्वतः फोन करून सांगितलं.

मुलाखतीचं पॅनेल त्या रात्रीवरून हलेचना. कोणाला विचारलंत? अंदाज चुकला असता तर? अडवलेल्या मालानं कंपनीचं किती नुकसान झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. मी म्हणाले, माल मला कळतो, ताळेबंद कळत नाही, आणि आता माझ्यापुढे येणारे निर्णय ताळेबंदाशिवाय घेता येत नाहीत. 'आत्ताच का?' हे त्यांना वेगळं विचारावं लागलं नाही. तुमच्या १८ वर्षांत अशी रात्र नक्की असेल. आधी ती शोधा.

मुलगी पुढच्या वर्षी दहावीत जाईल. त्यामुळे तुमच्यासाठी मी नोकरी सांभाळून होणारा वर्गच आधी बघेन. फी भरभक्कम असते. कर्जाचे हप्ते आणि मुलीच्या कॉलेजचा खर्च एकाच वेळी येईल, तेव्हा वहिनींसोबत बसून आकडे कागदावर मांडा. काही कंपन्या फीचा वाटा उचलतात. एचआरकडे जाण्याआधी साहेबांना विचारा, कारण शिफारसपत्रही बहुधा त्यांचंच लागेल. दुसऱ्याकडून कानावर गेलं, तर ते पत्र कोरडं येतं.