व्हेनिसला एक दिवस पुरतो का? मुक्काम बेटावर करावा की स्वस्त पडतो म्हणून समोर मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत?

एक दिवस पुरतो, पण रात्र तिथेच काढायची. बाकी मी एवढं लिहिलं नसतं, पण तुम्ही मेस्त्रेचं नाव काढलंत आणि नेमक्या याच मुद्द्यावर माझं नि माझ्या साडूंचं आजतागायत जुंपलेलं आहे.

साडू आधी एका ग्रुप टूरबरोबर युरोप करून आले होते. त्यांचं व्हेनिस म्हणजे बोटीने सान मार्कोला, म्हणजे मुख्य चौकाजवळ, उतरणं, काच फुंकायचं प्रात्यक्षिक, गोंडोलात दाटीवाटीने फोटो आणि जेवायच्या वेळेला परत बस. तेवढ्यावर मत पक्कं झालं: "वास मारतो हो. आणि तुंबलेलं पाणीच बघायचं तर जुलैत मुंबईत हिंदमाताला उभे राहा, फुकटात होतं." हे वाक्य घरातल्या एकाही लग्नामुंजीत चुकलेलं नाही. पुढे आम्ही दोन्ही जोडपी मिळून इटलीला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी न विचारताच चौघांसाठी मेस्त्रेत हॉटेल धरलं. मी आमच्यापुरती खोली रद्द करायला लावली आणि बेटावरच्याच कान्नारेज्जो भागात घेतली, सांता लुचिया स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. महाग होती. त्यावरून विमानात अबोला.

दिवसा आम्ही चौघांनी एकच गाव पाहिलं. एक नंबरच्या वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या बससारख्या बोटीने, ग्रँड कॅनॉल हा मुख्य कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत, जेमतेम चार किलोमीटर, पण तीच खरी सफर. मधे रियाल्तोचा पूल, 1591 सालचा. मग सान मार्कोत ऊन, रांग, धक्काबुक्की. साडूंचा चेहरा 'सांगत होतो ना' असा. संध्याकाळ होत आली तसे ते घड्याळ बघायला लागले, कारण पियाझ्झाले रोमा या बस थांब्यावर जाऊन मेस्त्रेची बस धरायची होती. ते गेले, त्यांच्यासारखेच हजारो लोक गेले, आणि गाव मोकळं झालं. आमच्या खोलीजवळच्या चौकात पोरं चर्चच्या भिंतीवर फुटबॉल मारत होती आणि म्हाताऱ्या बाकावरून त्यांना ओरडत होत्या. एका बाकारोत, म्हणजे तिथल्या छोट्या दारूच्या गुत्त्यात, उभ्याउभ्या 'सार्दे इन साओर' खाल्लं: तळलेली तारली, वर व्हिनेगरमधला कांदा, बेदाणे. मी मालवणचा, मासा गोड लागला की मला राग येतो, पण हे दोनदा मागवलं.

सकाळी उजाडताच बाहेर पडलो. मोटार नाही, सायकलसुद्धा नाही, त्यामुळे सगळं गाव बोटीवर चालतं आणि ते बघायची हीच वेळ. कचऱ्याची बोट, धोब्याकडून आलेल्या चादरींची बोट, बिअरच्या पिंपांची बोट, मग पुलांच्या पायऱ्यांवरून हातगाडे चढवणारे हमाल. रियाल्तोच्या मासळीबाजारात माकूल, कोळंबी, जिवंत खेकडे. रविवारी-सोमवारी हा बाजार बंद असतो, तेवढं बघून जा. साडू दहानंतर उगवले तेव्हा बाजार आवरत आला होता. बायकोची ताई हळूच म्हणाली, "आम्हाला बसमधून फक्त मेस्त्रेशेजारच्या मार्गेराचे कारखाने दिसले." साडूंनी ऐकलं. ते अजून ऐकलं नाही असंच दाखवतात.

आता हिंदमाताचं. तिथे तुंबतं ते पावसाचं पाणी. व्हेनिसमध्ये येतो तो समुद्र, भरती आणि सिरोक्को वारा एकत्र आले की, बहुतेक वेळा शरद-हिवाळ्यात. 1966 साली भरतीची पातळी 194 सेंटिमीटरवर गेली, 2019 च्या नोव्हेंबरात 187 वर. व्हेनिसभोवतीच्या खाजणाच्या समुद्राकडच्या तिन्ही तोंडांवर मिळून 78 दरवाजे बसवलेत, 2020 पासून मोठ्या भरतीला ते उचलतात. याला तुंबणं म्हणतात का? वासाचं म्हणाल तर उन्हाळ्यात ओहोटीला लहान कालव्यांना येतो, खोटं कशाला बोलू. सांडपाण्याचा बराच भाग अजून कालव्यातच जातो आणि भरती-ओहोटी ते वाहून नेते. चार तास राहिलेल्या माणसाने त्यावरून गावाचा निकाल लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

गोंडोला: पालिकेने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 110. तो बोटीचा असतो, माणशी नाही, आणि पाचजण बसतात. माझ्या मते पैसे वाया. दोन युरोत त्राघेत्तो घ्या, तीही गोंडोलाच, फक्त ग्रँड कॅनॉलच्या या काठावरून त्या काठावर नेऊन सोडते.

साडूंच्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर घरी भांडण होईल. सोबत गुडघेदुखीवाले आई-वडील आणि मोठ्या बॅगा असतील तर मेस्त्रेच घ्या. बेटावर चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. दुसरं, 2024 पासून ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लागतं, आधी भरलं तर पाच युरो. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, म्हणून तिथे राहणाऱ्यांनाही ते माफ आहे. पण ऑनलाइन नोंदणी करून कोड घ्यावा लागतो.

आणि बेटावर राहिलात तर हॉटेलात राहा, कुणाच्या फ्लॅटमध्ये नको. 1950 च्या सुमारास तिथे पावणेदोन लाख लोक राहत होते, आता पन्नास हजारसुद्धा नाहीत, आणि घरं पर्यटकांना भाड्याने जातात हे त्याचं एक मोठं कारण आहे. साडू म्हणतात, मग मेस्त्रेत राहणारा मीच खरा सज्जन. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. मुरानो-बुरानो ही शेजारची बेटं मात्र त्याच एका दिवसात कोंबू नका.